कान तयार झाला त्याची गोष्ट

माणसाने सुटीच्या दिवशी दुपारी झोपावं. हा नियम मी आयुष्यभर पाळला आणि माझं काहीही वाकडं झालं नाही. पण एका शनिवारी भिंगाच्या दुकानात जुन्या मासिकाचं एक पान हाती लागलं आणि आम्ही ठरवलं, की आता झोपायचं नाही, ऐकायचं.

भिंग म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. (नाव शाळेतच पडलं. चष्म्यांचं दुकान त्याने नंतर काढलं, बहुधा नावाला जागायला.) त्या पानावर दोनशे अजरामर अल्बमची यादी होती. त्यातले आम्ही ऐकलेले किती? शून्य. भिंगाला ते फार लागलं.

"आपण नुसतेच पन्नाशीला आलो रे," तो म्हणाला. "ऐकलं काहीच नाही."

मग बेत ठरला. दर शनिवारी लायब्ररीतून एक रेकॉर्ड त्याने आणायची आणि रविवारी चार वाजता आमच्या हॉलमध्ये, माझ्या सासऱ्यांच्या प्लेयरवर, दोन्ही बाजूंनी ऐकायची. मी पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक बघतो, त्यामुळे रजिस्टर आलंच. अनुक्रमांक, गायक, गुण आणि शेरा. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, नळ सोडायचा नाही आणि मिक्सर तर मुळीच लावायचा नाही. शेवटचे दोन नियम अर्थातच बायकोसाठी होते. ती काहीच बोलली नाही. (इथेच मला संशय यायला हवा होता.)

पहिले तीन रविवार जड गेले. जांभयांवर बंदी नव्हती, एवढाच दिलासा. पण नंतर गोडी लागली. दर आठवड्याला एक, अशा एकेचाळीस रेकॉर्डी आम्ही हातावेगळ्या केल्या.

एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली. जुन्या काळातले पुरुष फार बारीक आवाजात गात. एकोणिसाव्या रेकॉर्डच्या कव्हरवर एक दारभर रुंद गृहस्थ होते, भरघोस मिशांचे. आवाज मात्र सहावीतल्या मुलीचा, आणि तोही शाळेची बस सुटत असल्यासारखा.

"कॉलर," भिंग म्हणाला. "त्या काळी कॉलर फार आवळत असत."

मला ते पटलं. मी शेरा लिहिला, 'आवाज कोवळा व आर्त. युगाची घाई जाणवते.' भिंगाने तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसला.

"तुझ्यात एक समीक्षक दडलाय," तो म्हणाला. (इतका दडलेला, की तीस वर्षांत खात्यातही कुणाला सापडला नाही.)

ही कीर्ती लायब्ररीपर्यंत गेली. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी भिंगाला महिन्याच्या सभेत बोलायला बोलावलं. शाळेत कविता म्हणताना चक्कर येऊन पडलेला हा माणूस! पण तो हो म्हणाला. दोन आठवडे तो दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभा राहून माझे शेरे पाठ करत होता. त्या नादात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला.

"माझी अब्रू तुझ्या रजिस्टरवर आहे बरं का," तो म्हणाला.

सभेला पंचवीस-तीस माणसं होती. भिंग उभा राहिला, घाम पुसला आणि चक्क बोलायला लागला. दहा मिनिटं न अडखळता! मला भरून आलं. मग त्याने बारीक आवाजाचा मुद्दा काढला, कॉलरचं कारण सांगितलं आणि म्हणाला, "आता पुरावाच ऐका." एकोणीस नंबरची रेकॉर्ड त्याने लायब्ररीच्या मशीनवर लावली.

आतून एक धीरगंभीर, खर्जातला, तृप्त आवाज आला. मिशांना शोभेल असा.

"मशीन बिघडलंय," भिंग घाईघाईने म्हणाला.

"नाही हो," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "तेहेतीसवर आहे, बरोबर आहे. तुम्ही घरी कितीवर लावता?"

भिंगाने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"कितीवर म्हणजे?" मी विचारलं.

बाईंनी मग प्रेमाने समजावलं, की मशीनला वेगाचं एक बटण असतं. मोठी रेकॉर्ड तेहेतीसवर लावायची, छोटी पंचेचाळीसवर. मोठी चुकून पंचेचाळीसवर लागली, तर बाप्याचं पोर होतं. लोक इतके हसले, की पुढचं भाषण करायची गरजच उरली नाही.

परतताना भिंग रजिस्टर काखेत धरून माझ्या चार पावलं पुढे चालत होता. मला खरंच वाईट वाटत होतं. बाकीच्या एकशे एकोणसाठ रेकॉर्डींचं नव्हे. हा आता रविवारी यायचाच नाही, याचं.

बायकोने दार उघडलं, आमची तोंडं पाहिली आणि म्हणाली, "कळलं वाटतं. बसा भावजी. बटण मी फिरवलं होतं."

"वहिनी, तुम्ही?"

"चौथ्या रविवारी. पाऊण तास माझा नळ बंद, मिक्सर बंद. फिरवून पाहिलं, तर बारा मिनिटं आधी उरकतं."

"अहो, पण सांगायचं तरी!"

"सांगणार काय? म्हटलं, एवढे कान देऊन ऐकताहेत, मिनिटभरात कळेलच. ओरडा खायच्या तयारीने स्वयंपाकघरात उभी होते मी."

भिंग असा हसत सुटला, की चष्मा काढून ठेवावा लागला. "शनिवारी चार नंबरची पुन्हा आणतो रे," डोळे पुसत तो म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण समीक्षकालाही अब्रू असते.

"त्या रविवारी मला सर्दी होती," मी म्हणालो. "कान बंद होते. नाहीतर एवढा फरक माझ्या ध्यानात आला नसता?"

"बघू या की," बायको म्हणाली. "रजिस्टर आहेच."

भिंगाने पान उघडलं आणि सभेतल्याच आवाजात वाचलं, "अनुक्रमांक एक ते तीन. संथ, रटाळ. गुण प्रत्येकी चार. अनुक्रमांक चार. 'आज प्रथमच माझा कान तयार झाल्याचे जाणवले.' गुण नऊ."

खाली तारीख होती आणि, खात्याची सवय, माझी पूर्ण सही.