काकडीची तूट

मला आजवर कुणी फसवू शकलेलं नाही! ही बढाई नाही. सत्तावीस वर्षं मी एका मोठ्या गोदामात माल तपासनीस आहे. आत आलेला माल आणि शिल्लक माल यात मूठभर जरी फरक पडला, तरी मला जेवण गोड लागत नाही. तूट म्हणजे चोरी, आणि चोरी म्हणजे चोर. आणि चोर नेहमी आपल्यातलाच असतो! हा माझा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे.

बायकोला मात्र या अनुभवाची अजिबात कदर नाही. त्या रविवारी सकाळीच तिने मला स्वयंपाकघरात उभं केलं आणि दम भरला.

"अहो, आज बारक्या येतोय. तीन वर्षांनी येतोय! जेवण होईपर्यंत तुम्ही कुणावरही संशय घ्यायचा नाही. समजलं?"

बारक्या म्हणजे माझा धाकटा मेहुणा. नावाने बारक्या, प्रत्यक्षात सहा फूट! धंद्याने प्लंबर. तीन वर्षांपूर्वी तो आमचा नळ बदलायला आला होता आणि नेमकं त्याच दिवशी माझं घड्याळ हरवलं. मी त्याला काही बोललो नाही हो! "तुझ्या हत्यारांच्या पिशवीत चुकून गेलंय का ते बघू का?" इतकंच विचारलं. त्याने पिशवी सगळ्यांसमोर जमिनीवर पालथी केली, हत्यारं गोळा केली आणि जो गेला तो गेलाच. घड्याळ दोन दिवसांनी माझ्याच धुवायच्या शर्टाच्या खिशात सापडलं. पण त्याला मी काय करणार?

बायको या तीन वर्षांत भावाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. फोन वाजला की मात्र आधी धावायची आणि भलत्याच कुणाचा असला की हळूच ठेवून द्यायची. ते मला दिसत होतं. मी संशयी आहे, आंधळा नाही.

"मी काय करू मग?" मी विचारलं.

"काकडीचं सॅलड करा. त्यात संशय घेण्यासारखं काहीच नाही."

मी मान डोलावली. सॅलड म्हणजे असं करतो की बारक्या बोटं चाटत बसला पाहिजे! कृती मला ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी सांगितली होती. काकडीचे पातळ काप करायचे, मीठ लावायचं, चाळणीत ठेवायचं. "आणि मग अर्धा तास..." असं त्या पुढे काहीतरी सांगत होत्या, पण एखादी बाई आपण होऊन पाककृती सांगते म्हटल्यावर तिचा हेतू काय, या विचारात मी पुढचं ऐकलंच नाही.

काकड्या धुतल्या, सोलल्या. काप असे पातळ केले की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. मग सवयीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर वजन केलं. बरोबर दीड किलो! मीठ चोळलं, चाळणीत भरलं, चाळणी पातेल्यावर ठेवली आणि दाढी करायला गेलो.

अर्ध्या तासाने परत आलो. चाळणीकडे पाहिलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. काकडी कमी दिसत होती! मघाशी शिगोशीग भरलेली चाळणी आता खाली बसली होती. काकडी काट्यावर ठेवली. एक किलो दोनशे!

तीनशे ग्रॅमची तूट! भर दिवसा! माझ्याच घरात!

खालच्या पातेल्यात बरंच पाणी साठलं होतं. काकड्या धुऊन नीट निथळल्या नसणार. ते मी बेसिनमध्ये ओतून टाकलं. तपास चालू असताना पाण्याकडे कोण बघतो?

घरात तिघीजणी. बायको, मुलगी आणि आदल्या दिवशी मुक्कामाला आलेल्या सासूबाई. मी आवाज न करता बाहेरच्या खोलीत आलो. मुलगी सोफ्यावर आडवी पडली होती आणि तिच्या दोन्ही डोळ्यांवर काकडीचे काप होते!

"सापडलीस!" मी ओरडलो.

"बाबा! केवढ्याने! मी डोळ्यांना गारवा देतेय."

"काप कुठून घेतलेस?"

"चाळणीतून. दोनच!"

मी दोन्ही काप तिच्या डोळ्यांवरून उचलले आणि आत जाऊन वजन केलं. बारा ग्रॅम. बाकीचे दोनशे अठ्ठ्याऐंशी कुठे गेले? काप परत तिच्या डोळ्यांवर ठेवून मी मोर्चा सासूबाईंकडे वळवला. त्या खिडकीपाशी माझ्या शर्टाची तुटलेली बटणं शिवत बसल्या होत्या.

"काय मग आई, काकडी आवडते का तुम्हाला?"

"जावईबापू, माझी कवळी कपात भिजतेय," त्या तोंडाचं बोळकं पसरून म्हणाल्या. "काकडी चावू कशाने? हिरड्यांनी?"

उत्तर चोख होतं. जरा जास्तच चोख! नेमकी आजच कवळी भिजत घालायची काय गरज होती? पण पुरावा नव्हता. उरली बायको. तिला विचारायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी तिला मनातल्या मनात संशयितांच्या यादीत टाकलं आणि पिशवी उचलून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे गेलो. कारण चौथी शक्यताही होती. मुळात मालच कमी आला असेल तर?

पण माल तर मी स्वतः मोजला होता! हे मला मावशींसमोर पोचल्यावर आठवलं. तोवर तोंडातून निघून गेलं होतं, "मावशी, तुमचा काटा बरोबर आहे ना?"

मावशींनी दोन किलोचं वजन हातात घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की ते त्या काट्यावर ठेवणार की माझ्या डोक्यात घालणार, याचा मला अंदाज येईना.

"काय झालं काका?"

"घरी नेलेली काकडी कमी होतेय."

"खाल्ली की होतेच कमी," मावशी म्हणाल्या. "अजून किती देऊ?"

आणखी किलोभर घेतली. घरी येऊन तूट भरून काढली आणि पुन्हा दीड किलो केली. नव्या मालाला मीठ लावलं. जुन्या मालाचंही मीठ चोराने काकडीबरोबर नेलं असणार म्हणून त्यालाही पुन्हा चोळलं. या वेळी मी दाराआड खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसलो. वीस मिनिटं कुणी आत आलं नाही. फक्त बायको एकदा फ्रीज उघडायला आली.

वजन केलं. दोनशे तीस ग्रॅम गायब!

म्हणजे बायकोच! फ्रीज उघडल्याचं नाटक करून हिने दोनशे तीस ग्रॅम काकडी माझ्या डोळ्यांदेखत तोंडात कोंबली आणि गाल फुगवलेलेही मला दिसू दिले नाहीत! एकवीस वर्षं संसार केला, पण ही बाजू मला माहीतच नव्हती. पातेल्यातलं पाणी ओतलं, काकडी भरली, मीठ चोळलं आणि दीड किलो पुरे केले. तेवढ्यात बेल वाजली.

बारक्या आला होता. दारातच थांबला. अंगात खिसा नसलेला टी-शर्ट, खिसा नसलेली पँट, हातात फक्त संत्र्यांची पिशवी. ती त्याने माझ्यापुढे धरली.

"बारा आहेत दाजी. मोजून घ्या."

"अरे, असं काय..." म्हणत मी मोजली. बाराच होती.

बायकोने त्याचा दंड धरला आणि सोडेचना. सासूबाई पदराला डोळे पुसत होत्या. मीही संत्र्यांची पिशवी हळूच टेबलावर ठेवली. ठरवलं, आज काकडीचा विषय बंद!

"हात धुवायचेत," बारक्या म्हणाला. "पण मी एकटा आत जाणार नाही. साक्षीदार पाहिजे. भाची, चल गं."

मुलगी उठली. डोळ्यांवरचे काप न पडता चालायचं म्हणून तिने मान वर केली, मामाचा हात धरला आणि ठेचकाळत आत गेली. काय तो साक्षीदार!

दोघं बाहेर आल्यावर मी आत गेलो. वजन करायचं नाही, असं मी स्वतःला दोनदा बजावलं. मग केलं. एक किलो तीनशे!

आता मात्र माझं डोकं भणभणलं. मी बाहेर येऊन बारक्याशेजारी बसलो आणि चेहरा शक्य तितका प्रेमळ केला.

"काय मग, भूक लागली असेल?"

"थोडी लागलीय."

"थोडीच? सकाळी काही खाल्लंस का?"

"नाही."

"मग थोडीच कशी?"

"अहो!" बायको आतून ओरडली.

"मी सहज विचारतोय गं!" मी बारक्याचा हात प्रेमाने हातात घेतला आणि हळूच हुंगला. काकडीचा वास! धडधडीत वास!

"दाजी, माझा हात का हुंगताय?"

"तुझ्या हाताला काकडीचा वास कसा?"

"भाचीचा हात धरला होता. तिने डोळ्यांवर काकडी लावलीय."

"बारा ग्रॅम!" मी उसळलो. "तिच्याकडे फक्त बारा ग्रॅम आहे! इथे दोनशेचा प्रश्न आहे! मी कुणावर आरोप करत नाही. मी फक्त विचारतोय!"

'मी फक्त विचारतोय.' तीन वर्षांपूर्वी मी हेच शब्द, याच खोलीत, याच माणसाला म्हणालो होतो. बारक्या शांतपणे उभा राहिला.

"ताई, येतो मी."

बायको हातात पाच ताटल्या घेऊन तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोनशे ग्रॅम काकडीसाठी मी हे काय करून बसलो? पण शब्द तोंडातून निघून गेले होते.

बारक्याने एक बूट घातला. दुसऱ्यात पाय घालता घालता तो थबकला. मान तिरपी केली.

टप... टप...

"ताई, नळ गळतोय."

"गळू दे," बायको हुंदका देत म्हणाली.

त्याने दुसरा बूट घालायचा प्रयत्न केला. टप! त्याला राहवेना. गळणारा नळ तसाच सोडून जाणं त्याला या जन्मात जमलं नसतं. एका पायात बूट, एक पाय अनवाणी असा तो तरातरा स्वयंपाकघरात गेला. मागोमाग आम्ही सगळे. त्याने नळाखाली बोट धरलं. कोरडं! बेसिनखालचा पाइप चाचपला. कोरडा! मग कान टवकारत तो ओट्यावर सरकला आणि चाळणी उचलली.

खाली पातेल्यात फिकट हिरवं पाणी होतं. चाळणीतून त्यात आणखी एक थेंब पडला.

"दाजी, ही घ्या तुमची काकडी."

"ते धुतलेलं पाणी आहे," मी म्हणालो. "मघाशी दोनदा ओतलं मी असंच."

"ठेवा काट्यावर!"

ठेवलं. पातेल्याचं वजन वजा केलं. दोनशे दहा ग्रॅम! काटा खोटं बोलत नाही. सत्तावीस वर्षं मी हेच सगळ्यांना सांगत आलोय.

"अहो, मीठ लावल्यावर काकडीला पाणी सुटतंच!" बायको डोळे पुसत म्हणाली. "मला विचारायचं ना!"

"तुला कसं विचारणार? तू संशयितांत होतीस!"

सासूबाई आधी हसल्या, कवळीशिवाय, फस्सकन. मग मुलगी हसली आणि तिचे दोन्ही काप ओट्यावर पडले. बारक्या मात्र हसला नाही. मी त्याच्यासमोर गेलो. सत्तावीस वर्षांत कुणालाच म्हटलं नव्हतं ते म्हणालो.

"बारक्या, माझं चुकलं. आजचंही आणि घड्याळाचंही. मला माफ कर."

त्याने डोळे बारीक केले.

"का?"

"का म्हणजे?"

"आत्ताच का? तुम्हाला काय पाहिजे?"

"काही नको रे! मनापासून म्हणतोय!"

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंनीही पाहिलं. मी खरं बोलतोय यावर त्या स्वयंपाकघरात एकाचाही विश्वास बसला नव्हता! संशय दुसऱ्या टोकाने कसा लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. फार टोचतो हो!

शेवटी बारक्याने पायातला बूट काढला. "बसतो. पण सॅलड आधी तुम्ही खायचं."

सॅलडवर लिंबू पिळलं, मिरपूड घातली आणि सगळे टेबलाशी बसलो. मी मोठा घास घेतला आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तीन वेळा चोळलेलं मीठ! समुद्रच तोंडात घेतल्यासारखं झालं. पण समोर बारक्या माझा चेहरा निरखत होता. तोंड वाकडं केलं असतं, तर आत काय घातलं म्हणून त्याने पुन्हा बूट घातले असते. मी घास गिळला.

"छान झालंय!"

बारक्याने घास घेतला. त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. ती खुर्चीच्या काठावर बसून, श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"छान झालंय ताई," तो म्हणाला. "दाजींच्या हाताला चव आहे."

बायकोचा चेहरा असा फुलला की काय सांगू! तीन वर्षांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती. त्या आनंदात तिने अख्खं भांडं उचललं, "तुम्हा दोघांना एवढं आवडलंय तर आम्हाला नको," म्हणाली आणि सगळं सॅलड आमच्या दोघांच्या ताटल्यांत निम्मं निम्मं वाढलं.

बारक्याकडे थोडं जास्त गेलं होतं. मी अवाक्षर काढलं नाही!