सोल्वीबाईसाहेबांच्या बैठकीची बखर

स्वस्ति. उत्तरेस जेथे सरोवरे गोठून त्यांवरून मोटारी धावतात आणि शहाणीसुरती माणसे बर्फास भोक पाडून दिवसचे दिवस निमूट मासे धरीत बसतात, त्या मिनेसोटा मुलुखी एल्बर फॉल्स नामे कसबा, आणि त्या कसब्यात नॉर्थ फोर्क नामे कॉलेज. त्या कॉलेजच्या बास्केटबॉल फौजेने शिकस्त कैसी खाल्ली, मसलत कैसी केली आणि अखेर फत्ते कैसी पावली, हे लेकरांनी पुढे विचारल्यास सांगता यावे, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही. घातले ते शोभेपुरते.

राजमान्य राजश्री हॅल्वर ग्रिम्सरूड यांस त्या साली कोचपदाची वस्त्रे मिळाली. वय कोवळे, मिशी नूतन, आणि तीर्थरूप पूर्वी त्याच गादीवर नांदलेले. तीर्थरूपांचा मंत्र ऐसा की, चेंडू सात हातांतून फिरल्याविना कोणी टोपलीकडे डोळा वर करोन पाहू नये. मग चिरंजीवांनी तोच मंत्र शिरी धरिला आणि फर्मान सोडिले की, सात म्हणजे सात, सहास माफी नाही. फौजेने हुकूम मानिला आणि चेंडू ऐसा फिरविला की खुद्द चेंडूस भोवळ यावी. सातवा हात येईतो टोपलीस नेमिलेला वेळ संपे, पंच शिट्टी फुंकी, आणि अखेरचा मोहरा घाबरोन चेंडू छतास मारी. ऐशा रीतीने नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, आणि जानेवारीत फौज ज्या ज्या मुलुखी बसगाडीने चालोन गेली, तेथोन तेथोन मार खाऊन आणि वाटेत थंड सँडविचे खाऊन परत आली.

आता त्या मुलुखीचा दस्तूर ऐसा की, सामना सुरू होताच तमाम रयतेने उठोन उभे राहावे, टाळ्यांचा गजर धरावा, आणि आपल्या फौजेची पहिली टोपली पडेतो कोणी बूड टेकू नये. हा दस्तूर केव्हा पडला हे कोणास ठाऊक नाही आणि मोडावा ऐसे कोणाच्या मनात आले नाही. पूर्वी टोपली झटदिशी पडे आणि रयत झटदिशी बसे. परंतु सातांचा मंत्र आला आणि रयतेचे पाय दुखो लागले, पॉपकॉर्न निवू लागले, आणि म्हातारी मंडळी एकमेकांच्या खांद्याचा टेकू घेऊन टाळ्या एका हाताने मांडीवर वाजवू लागली.

त्या रयतेत तिसऱ्या पायरीवर कोचसाहेबांचे कुटुंब, सौभाग्यवती सोल्वीबाईसाहेब, या उभ्या असत. बाईसाहेब गरोदर. फेब्रुवारीत नववा महिना लागला, आणि पोटीचे सरदार आतून अष्टौप्रहर लाथांची सरबत्ती करीत. पाय ऐसे सुजले की स्वतःचे जोडे होईनात. मग बाईसाहेबांनी यजमानांचे थोरले जोडे गुपचूप पायी चढविले आणि यजमान आठवडाभर पलंगाखाली वाकोन जोडे धुंडीत राहिले. डॉक्टरांची ताकीद होती की फार उभे राहो नये. परंतु दस्तूर तो दस्तूर, आणि त्याहून मोठी अब्रू.

शेजारी अर्डिसबाई उभ्या असत. या पूर्वी शाळेत पी.टी. शिकवीत, आणि दस्तुराच्या कडव्या राखणदार म्हणोन त्यांची ख्याती. परंतु फेब्रुवारीतल्या एका सामन्यास त्यांसही राहवेना.

"बस गं पोरी. कोण बघतंय तुझ्याकडे?"

"सगळे बघतायत, बाई. मी बसले तर उद्या बेकरीत म्हणतील, त्याच्या बायकोनंच आशा सोडली."

"मी पुढे उभी राहते. माझ्या आडोशाला बस."

"तुम्ही केवढ्याशा! माझं पोट दोन्ही बाजूंनी दिसेल."

ऐसे म्हणोन बाईसाहेब टाळ्या वाजवीत राहिल्या. आणि खाली मैदानावर चेंडू सहाव्या हातातून सातव्यात जाता जाता बाहेर गेला.

त्या सामन्याची शिकस्त यथासांग पार पडली. मग बाईसाहेब दरवाजाशी यजमानांची वाट पाहत उभ्या असता तेथे गस टोलेफसन आले. हे फौजेचे बुरूज. उंची दरवाजाएवढी, घर गाईगुरांचे, बोलणे बेताचे. त्यांची नजर खाली गेली.

"मिसेस कोच, लेस सुटलीय तुमची."

"माहितीय. सकाळपासून सुटलीय. मला दिसत नाही ती, नुसती ऐकू येते."

मग तो बुरूज गुडघ्यावर आला आणि वासरास दावे बांधितात तैशी पक्की गाठ त्याने मारिली. मारिता मारिता थबकला.

"हे कोचचे बूट ना? ते तर आम्हालाच विचारत होते, कोणी लपवले म्हणून. आम्ही सगळ्यांनी त्यापायी धावायची शिक्षा भोगली."

"अगं बाई! सॉरी रे गस. पण त्याला सांगू नकोस. माझ्या पायात माझे जातच नाहीत."

"तुम्हीच सांगा ना. पाय दुखतात म्हणावं."

"त्याच्या डोक्यात आधीच सात आहेत. आठवं कुठे घालू?"

 दुसरे दिवशी कपडे बदलावयाच्या खोलीत गस यांनी दार लोटोन खलबत मांडिले. हंगामाचा अखेरचा सामना घरच्याच मैदानी, गाठ सेंट ऑडन कॉलेजाशी. कप्तान डिऑन प्रुइट, जे मिलवॉकीहून आले होते आणि ज्यांस त्या थंडीचे कारण अद्याप समजले नव्हते, ते प्रथम राजी होईनात.

"म्हणजे पहिला बॉल हातात आला की टाकायचा? कोच जीव घेतील."

"घेऊ देत. मिसेस कोच बसतील तरी."

"आणि गेला नाही आत तर?"

"आपण पाच जण आहोत. कोणाचा तरी जाईल."

ऐसी मसलत ठरली, आणि शपथ म्हणोन पाचांनी एकाच डब्यातले लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या, खाल्ले.

सामन्याचे दिवशी बाहेर बर्फाचे तांडव, परंतु रयत झाडून आली. रयत उठली, टाळ्या सुरू जाहल्या, चेंडू उडाला. गस यांनी तो टोलविला, डिऑन यांनी झेलिला आणि तेथूनच, एक हात न फिरविता, सोडिला. चेंडू कड्यास लागोन परतला. मग दुसऱ्याने सोडिला, तो फळीस लागला. तिसऱ्याचा कशासच लागला नाही. चौथ्याचा वाजंत्रीवाल्यांच्या तुतारीस लागला. प्रेमापोटी घाई, घाईपोटी चूक, आणि चुकीपोटी पुन्हा घाई, ऐसे चक्र पडोन सबंध हंगामात रयत जितुकी उभी राहिली नव्हती तितुकी त्या दिवशी राहिली. बाईसाहेबांनी अर्डिसबाईंचा दंड धरिला. ओठ पांढरे पडले. टाळी मात्र सोडिली नाही.

कोचसाहेबांनी विश्रांती मागितली आणि फौजेस भोवती घेऊन गर्जना केली.

"काय चाललंय काय? सात कुठे गेले?"

 मग गस बोलले.

"मिसेस कोचना बसवायचंय."

"काय?"

"बास्केट पडेपर्यंत त्या बसत नाहीत. आणि आपली पडतच नाही, कोच. पाय बघा त्यांचे."

तेव्हा त्या हंगामात प्रथमच हॅल्वर ग्रिम्सरूड यांनी मैदानाकडे पाठ करोन पायऱ्यांकडे तोंड केले. तिसऱ्या पायरीवर आपले जोडे पाहिले. जोड्यांत कोणाचे पाय आहेत ते पाहिले. आणि तीर्थरूपांचा मंत्र ओठांशी आला तो तेथेच विराला. मग हळू आवाजात नवे फर्मान सुटले.

"गसला द्या. गस, तू टोपलीखाली उभा राहा आणि नीट ठेव आत. अंडं ठेवल्यासारखं."

ऐसेच केले. चेंडू गस यांजकडे गेला, गस यांनी शत्रूचे दोन मोहरे अंगावर घेतले आणि चेंडू वर ठेविला. तो कड्यावर क्षणभर विचारात पडला, आणि आत गेला.

परंतु नवल ऐसे की, रयत बसली नाही. टाळ्या थांबल्या, आणि तमाम कसबा तिसऱ्या पायरीकडे पाहत उभा राहिला. अर्डिसबाईंनी कोपर धरिले, मागच्याने आपली उशी पुढे केली, आणि बाईसाहेब सावकाश बसल्या. मग सबंध रयत एकदम बसली, आणि पायऱ्यांचा ऐसा आवाज जाहला की सेंट ऑडनचे सरदार दचकले. त्यांनी पुढे सामना जिंकिला, हेही येथे लिहिणे भाग आहे. एल्बर फॉल्सात त्याची चर्चा जाहली नाही.

मार्चात कन्यारत्न जाहले. नाव टोरा. वर्ण तांबूस, आवाज पहाडी.

फिरोन नोव्हेंबर आला. सातांचा मंत्र रद्द जाहला होता. पहिल्याच सामन्यात पहिलीच टोपली गस यांनी चटकन टाकिली आणि रयत आनंदे बसली. एक सोल्वीबाईसाहेब मात्र उभ्या. खांद्यावर टोरा, आणि बाईसाहेब जागच्या जागी डुलत.

"आता तरी बस गं," अर्डिसबाई बोलल्या.

"मी कुठे नको म्हणतेय? ही बसू देत नाही. टेकले की भोकाड!"

हे वर्तमान मैदानावर कोण पोहोचविणार? गस यांनी वर पाहिले तो मिसेस कोच उभ्याच. मनी म्हणाले, ती टोपली धरली नसावी. मग दुसरी टाकिली. वर पाहिले, उभ्याच. मग तिसरी टाकिली, आणि घाबरोन चौथी, आणि शत्रूस काय होते आहे हे समजेना, आणि ऐसे करिता करिता सामना संपला आणि नॉर्थ फोर्कास मोठी फत्ते जाहली.

फौज नाचावयास उठली तो अर्डिसबाईंनी पी.टी.चा हात वर केला. टोरा झोपली होती. मग तमाम कसब्याने तो विजय चवड्यांवर आणि कुजबुजत साजरा केला, तुतारीवाल्यांनी तुताऱ्या कोटाखाली झाकिल्या, आणि रयत दार हळू लोटोन बर्फात निघोन गेली.

रिकाम्या मंडपात कोचसाहेब तिसऱ्या पायरीवर चढले. दोन्ही हात पुढे केले, जैसे चेंडू घेण्यास करितात तैसे नव्हे, आणि लेक अलगद आपल्या खांद्यावर घेतली, आणि डुलो लागले. सोल्वीबाईसाहेब बसल्या. सवयीने अद्याप पायी असलेले यजमानांचे थोरले जोडे काढिले, बोटे हालविली, डोळे मिटले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कोचसाहेब उभे आहेत. लेखनसीमा.