बारा स्क्रूंची पेटी

साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या आसारामने राहुरीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडावर अक्षरं कोरणारं मशीन बसवलं होतं. मशीन गुणाचं, पण त्याचे सर्किट बोर्ड आणि वायरी टेबलाखाली उघड्यावर पडलेल्या. कोरताना उडणारा भुसा नेमका त्यांच्यावर जाऊन बसायचा. हे सगळं एखाद्या डब्यात घाला, असं बायको चांगुणा रोज झाडताना सांगायची.

आसारामने एकदाचं मनावर घेतलं. चार दिवस खपून त्याने मापाची प्लायवूडची पेटी केली. पुढे काच, फटी बुजवलेल्या, झाकणाला बारा स्क्रू.

पहिल्याच दिवशी वीस मिनिटांत मशीन बंद पडलं. पेटीची आतून भट्टी झाली होती. त्याने बारा स्क्रू काढले, भोक पाडलं आणि पंखा बसवला. पंख्याने शेडमधला भुसा इमानेइतबारे आत ओढून घेतला. पुन्हा बारा स्क्रू. मग भोकावर चांगुणाची स्टीलची गाळणी बसली. पेटी निवली, भुसा बाहेर राहिला आणि घरचा चहा फडक्यातून गाळला जाऊ लागला.

तिसऱ्या दिवशी त्याने काकासाहेबांची पाटी मशीनला लावली. काकासाहेब शेजारच्या वस्तीवरचे बागायतदार. रविवारी त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि पाटीसाठी त्यांनी स्वतःच्या बांधावरच्या सागाची फळी दिली होती. ‘आईची’ झकास कोरलं गेलं. ‘कृपा’ सुरू झालं आणि फळी सरकली. मशीन भलतीकडेच नांगरट करू लागलं.

थांबवायचं लाल बटण आसारामने भुशाच्या धास्तीने पेटीतच बसवलं होतं. काचेमागे ते ठळक दिसत होतं. घाबरून त्याला दुसरं काही सुचेना. तो स्क्रूड्रायव्हरने स्क्रू फिरवू लागला. सातवा निघाला तेव्हा आवाज ऐकून चांगुणा आली. तिने शांतपणे भिंतीवरचा मेन स्विच बंद केला.

“आता काडा सावकाश,” ती म्हणाली.

संध्याकाळी काकासाहेब आले. आसारामने मान खाली घालून सगळी हकिगत सांगितली. काकासाहेबांनी फळीवरच्या चरातून बोट फिरवलं. मग त्यांची नजर टेबलाखाली गेली.

“ही पेटी कुठून आनली?”

“मीच केलीय.”

“पाल शिरती का हिच्यात?”

“न्हाई,” आसाराम खिन्नपणे म्हणाला.

विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये पाली शिरून यंदा तो तीनदा जळाला होता, हे काकासाहेबांनी खाली बसूनच सांगितलं. राहिलेले पाच स्क्रू त्यांनी स्वतः काढले आणि आतले बोर्ड, वायरी आसारामला बाहेर काढायला लावल्या. फळी उलटी करून मागच्या बाजूनं कोरा, असं सांगून ते मोटरसायकलवर पेटी बांधून गाळणीसकट घेऊन गेले.

पाटी रविवारच्या आत झाली. पेटीची बातमी मात्र त्याआधीच वस्तीवर पोचली.

महिन्याभराने एक मास्तर घरावर नावाची पाटी करायची म्हणून चौकशीला आले. आसाराम प्लायवूड कापत होता. चांगुणानेच उत्तर दिलं.

“थोडं थांबावं लागंल, मास्तर. अजून नऊ पेट्या द्यायच्यात. मशीन चादरीखाली झाकून ठिवलंय. त्याला पेटी न्हाई ना.”