अप्पा गुहेतून बाहेर येईपर्यंत

"अप्पा, तो टीव्ही बंद करा आता. वायरमन आलाय."

"बंद? वेडी झालीस का? मी गुहेत आहे!"

सूनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आठवड्यापूर्वी गीझरने राम म्हटला, तेव्हापासून गार पाण्याने अंघोळी करून त्यांचं नाक गळायला लागलं होतं. त्या कामाला होत्या त्या दातांच्या दवाखान्यात पेशंटला हाक मारायची म्हटलं की आधी शिंक यायची. फोन करून करून बोटं झिजली, तेव्हा कुठे आज हा वायरमन उगवला होता. आणि सासरेबुवा गुहेत!

याचं मूळही तो गीझरच. पाणी तापवायचा जुना रॉड शोधायला अप्पा माळ्यावर चढले आणि खाली उतरले ते मुलाच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम घेऊन. रॉड अजून वरच आहे. निवृत्त माणसाला विरंगुळा हवा, मान्य. पण म्हणून ठोकळ्यांसारखी चार माणसं घेऊन जगभरच्या राक्षसांच्या मागे लागायचं?

"अहो अप्पा, मेन स्विच बंद करावा लागेल. उद्या खेळा पुढचं."

"उद्या कसं? देवळातला पुजारी भेटल्याशिवाय खेळ सेव्ह होत नाही. आत्ता वीज गेली तर दोन दिवसांची मेहनत वाया!"

वायरमनने पिशवी खाली ठेवली. "कुठली गुहा, काका? बर्फाची?"

"तुम्हाला माहितेय?" अप्पांचा चेहरा खुलला.

"या गेमपायी वडिलांचा मार खाल्लाय मी." आणि तो गृहस्थ चक्क मांडी घालून बसला की!

सूनबाईंना वाटलं, दोघं मिळून लवकर आटपतील. कसलं काय! चार पावलं टाकली की वटवाघळं अंगावर. त्यात त्या चौघांतली औषधोपचार करणारी पोरगीच अर्धमेली झाली.

"काका, बाटल्या पोतंभर आहेत. पाजा तिला एक."

"नको, अडीअडचणीला असू देत."

"याहून कुठली अडचण? मरतेय ती!" सूनबाई ओरडल्या आणि मग जीभ चावली.

बाटली पाजली. पोरगी उठली. पण तेवढ्यात वायरमनला कोपऱ्यात पेटी दिसली. "एवढी उघडूच. पेटी सोडून जायचं म्हणजे पाप." ती उघडायला अर्धी गुहा उलटी चालावी लागली. आत काय? औषधाची आणखी एक बाटली.

"असतं तरी काय यात एवढं?" सूनबाईंच्या संयमाचा आता कडेलोट झाला.

"वहिनी, इथे घाई नाही. आपण काय करायचं ते ठरवेपर्यंत राक्षससुद्धा हात बांधून उभा राहतो. बाहेर कोण थांबतं हो आपल्यासाठी?"

"मी! मी थांबलेय!" असं म्हणून त्यांनी अशी काही शिंक दिली की अप्पांनी भलतंच बटण दाबलं आणि सगळी टोळी गुहेत पुन्हा मागे पळाली.

अखेर पुजारी भेटला. खेळ सेव्ह झाला. अप्पांनी हुश्श केलं. "घ्या, करा तुमचा मेन बंद."

"मेन कशाला?" वायरमन उठत म्हणाला. "गीझरचा स्विच वेगळा आहे. बंद करायचं वहिनीच म्हणत होत्या."

"मग आधी बोलायला काय झालं होतं तुम्हाला?" सूनबाई कडाडल्या.

"तुम्ही दोघं भांडत होतात. मी कशाला मध्ये पडू?"

त्याने चुटकीसरशी गीझर दुरुस्त केला आणि गेला. सूनबाईंचं डोकं फिरलं होतं, पण गरम पाण्याच्या नुसत्या विचाराने जीव निवला. पाणी तापेपर्यंत त्यांनी साडीला इस्त्री केली आणि टॉवेल घेऊन आल्या, तर बाथरूमचं दार आतून बंद.

"अप्पा!"

"वेळ लागेल गं. आठवड्यानं अंघोळ करतोय."

"आठवड्यानं? मग रोज सकाळी आत जाऊन काय करत होतात?"

"तोंड धूत होतो. असल्या गार पाण्यानं अंघोळ केली की माणूस आजारी पडतो. बघ की स्वतःकडे!"