तुळसाकाकूंनी उधारपान परत केलं

एका जंगलात, बाळांनो, सगळी जनावरं फार सुधारलेली होती. सुधारलेली म्हणजे काय? तर घरात एक कंद नसला तरी बाजारात ताठ मानेनं जाणारी.

हे कसं जमायचं? जंगलाच्या पतपेढीनं घरोघर उधारपानं वाटली होती. पळसाचं वाळकं पान, त्यावर पेढीचा शिक्का आणि किती उधार मिळेल त्याचा आकडा. पान दाखवायचं, माल उचलायचा, पौर्णिमेला फेडायचं.

सावरीच्या शेंड्यावर एक धनेश पक्षी बसलेला असे. तो प्रत्येकाच्या पानांवर नजर ठेवी आणि प्रत्येकाला एक आकडा देई. त्याला म्हणत इमानांक. आकडा मोठा तर तुम्ही इमानी, लहान तर लबाड. हा आकडा काढतोस कसा, असं धनेशाला कुणी विचारत नसे. फार वर बघावं लागे आणि मान दुखे.

याच जंगलात ओढ्याकाठी तुळसाकाकू राहायच्या. जातीच्या सायाळ, दोन पिल्लांची आई. त्यांच्याकडे दोन उधारपानं होती. थोरलं बारा वर्षांपूर्वीचं, शंभर कंदांचं. पेढीच्या पोपटानं गोड बोलून ते गळ्यात मारलं होतं. वर्गणी काही नव्हती, म्हणून काकूंनी ते डब्यात ठेवलं ते ठेवलंच. धाकटं पान गेल्या वर्षीचं, वीस कंदांचं. त्यावर काकू महिन्याला पंधरा कंद आणत आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच फेडून टाकत.

मागच्या पावसाळ्यात ओढ्यानं काकूंच्या बिळाची एक भिंत नेली. यंदा दुसरी नेणार हे दिसत होतं. टेकडीवर एक कोरडं, ऐसपैस बीळ विकायला होतं. काकू स्वतः का खणत नव्हत्या? कारण टेकडी एका रानडुकरानं विकत घेतली होती आणि तिथे फुकट उकरायला बंदी होती. तेव्हा कर्ज काढणं आलं.

कर्ज मागायला जायचं तर कुणाची वस्तू आपल्याकडे राहता कामा नये, ही काकूंच्या माहेरची शिस्त. त्यांनी भेकरीची चाळण परत केली. सशाची शिडी परत केली. मग डब्यातलं थोरलं पान काढलं. पण रिकामं परत कसं करायचं? शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी पाठवत नाही. काकूंनी पानावर चार उकडलेले करांदे ठेवले आणि पेढी गाठली.

"तरसेसाहेब, हे तुमचं पान," काकू म्हणाल्या. "बारा वर्षांत एकदाही वापरलं नाही बघा."

तरसेसाहेब म्हणजे पेढीवरचा तरस. त्यानं विचारलं, "बंद करायचं? नक्की?"

"हो. नको असलेली वस्तू उगाच कशाला अडवून ठेवायची?"

साहेबांनी शिक्का मारला. मग करांदे खाल्ले.

पुढच्या महिन्यात काकू कर्जाचा अर्ज घेऊन गेल्या. साहेबांनी धनेशाकडून आकडा मागवला आणि तोंड वाकडं केलं.

"काकू, इमान घसरलंय तुमचं."

"काय सांगता! मी तर पूर्वीइतकेच पंधरा कंद आणते."

"पूर्वी एकशेवीसांतले पंधरा आणत होतात. तेव्हा तुम्ही संयमी होतात. आता विसांतले पंधरा आणता. धनेशाच्या मते तुम्हाला हाव सुटली आहे."

"आणि आपली बारा वर्षांची ओळख?"

"ती त्या पानाची होती. धाकट्या पानाची ओळख वर्षाची."

"अहो, माझे करांदे खाल्लेत तुम्ही!"

"खाल्ले. छान होते. पण त्यांची नोंद कुठे करू?"

"मग माझं पान परत द्या."

"देऊ की. नवा अर्ज करा. फक्त नवा अर्ज आला की आकडा अजून थोडा उतरतो. गरजू वाटता ना."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात कुणाचा कंद बुडवला नव्हता, आणि आज भर पेढीत लबाड ठरल्या. मान खाली घालून त्या बाजूला झाल्या.

रांगेत मागे उदाजीराव उभे होते. हे उदमांजर. यांच्याकडे नऊ पानं, सगळी मिळून नऊशे कंदांची. देणं दोनशेचं, तीन वर्षांपासूनचं. दर पौर्णिमेला त्यातलं चिमूटभर देत, पण तारीख चुकवत नसत. त्यांचा आकडा ऐकून तरसेसाहेब उठून उभे राहिले. टेकडीवरचं बीळ तिथल्या तिथे उदाजीरावांच्या नावावर झालं. हे त्यांचं तिसरं. उदमांजर बिळात राहतसुद्धा नाही, झाडावर राहतं.

आठवड्यानं उदाजीराव काकूंच्या दारात हजर.

"काकू, टेकडीवरचं बीळ रिकामंच आहे. येता का राहायला? भाडं महिन्याला बारा कंद."

"पण हप्ता तर दहाचाच आहे ना त्याचा?"

"माझा आहे हो दहाचा," उदाजीराव नम्रपणे म्हणाले.

काकूंनी पडक्या भिंतीकडे पाहिलं. पिल्लांकडे पाहिलं. मग विचारलं, "धनेश मला लबाड म्हणतो. तुम्हाला माझी खात्री कशी वाटते?"

"धनेशाचं सोडा हो! शंभर कंदांचं पान बारा वर्षं घरात असून जिनं एक कंद उचलला नाही, ती भाडं बुडवेल होय? असा भाडेकरू शोधूनही सापडत नाही मला."

काकू त्याच दिवशी राहायला गेल्या. भाडं तारखेच्या आधी देतात. धनेश त्याची नोंद करत नाही. भाडं म्हणजे काही उधारी नव्हे.

तात्पर्य: बाळांनो, सचोटी कधी वाया जात नाही. तिचा लाभ कुणाला ना कुणाला होतोच. तो आपल्यालाच व्हावा असं वाटत असेल, तर न लागणारं फुकटचं पान घरात पडू द्यावं, सहा महिन्यांनी त्यावर मूठभर बोरं उचलावीत आणि लगेच फेडावीत. आणि परत करण्याची फारच उबळ आली, तर आधी बीळ नावावर करावं, मग सज्जन व्हावं.