निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा शर्ट

मी चुकत नाही. ही फुशारकी नव्हे, धंद्याची अट आहे. गेली बावीस वर्षं मी एका दैनिकात पानं लावतो. मंत्र्यांचं वय, सामन्याचा निकाल, सूर्यास्ताची वेळ, सगळं माझ्या टेबलावरून तपासून जातं. म्हणून शिडाच्या होड्यांच्या क्लबला हंगामातल्या शेवटच्या शर्यतीसाठी समितीच्या होडीवर एक मदतनीस हवा होता, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "काळजीच सोडा! घड्याळ बघायचं, झेंडे वर-खाली करायचे, भोंगा वाजवायचा. आमच्याकडे याला काम म्हणत नाहीत, जेवणाची सुट्टी म्हणतात!"

दोन संध्याकाळी बसून मी क्लबचे सगळे झेंडे पाठ केले. बायकोने जेवताना तोंडी परीक्षा घेतली. एकही चुकला नाही.

शर्यत साधी नव्हती. माझे सासरे घड्याळं दुरुस्त करतात आणि एकोणीस वर्षं दर रविवारी होडी हाकतात. एकोणीस वर्षांत ते नऊ वेळा दुसरे आले आणि पहिले एकदाही नाहीत. गेली सहा वर्षं त्यांच्या पुढे एकच माणूस असतो, तो म्हणजे क्लबचे अध्यक्ष. त्यांचं फरशांचं दुकान आहे, म्हणून सगळे त्यांना फरशीवाले म्हणतात. आता येत्या मंगळवारी सासऱ्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर होडीत वाकून बसणं कायमचं बंद. थोडक्यात, कप मिळाला तर या रविवारी, नाहीतर कधीच नाही. त्यांच्या होडीत दोरी ओढायला माझी बायको होती.

सकाळी धक्क्यावर सासरे आभाळाकडे बघत गुडघे चोळत होते.

"जावईबापू, आज हवा फिरेल असं वाटतंय. गुडघा सकाळपासून ठणकतोय."

"गुडघ्याच्या बातमीला दुजोरा लागतो, नाना," मी म्हणालो. "आमच्या पेपरात स्वच्छ छापलंय. आकाश निरभ्र, वारा मंद. मी स्वतः लावलंय!"

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी पावसाचा कोट होडीत टाकला.

समितीच्या होडीवर आम्ही दोघंच होतो. मी आणि शर्यतीचे प्रमुख, दातवाले डॉक्टर. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावल्यामुळे की काय, ते स्वतः फार कमी बोलत. बरोबर एक वाजता भोंगा वाजला आणि अकरा होड्या सुटल्या. दीड वाजता वारा पडला. शिडं अशी लोंबली की जणू सगळ्यांना एकदम वाईट बातमी कळली असावी. पावणेदोनला वारा आला, पण उलट्या बाजूने. दोन वाजून दहा मिनिटांनी एकच काळा ढग आला, बरोबर आमच्या होडीवर थांबला, चार मिनिटं कोसळला आणि निघून गेला. मी नखशिखांत भिजलो. डॉक्टरांनी रेनकोट घातला होता. लगेच लख्ख ऊन पडलं.

"वारा फिरलाय," डॉक्टर म्हणाले. "पलीकडचा वळणाच्या खुणेचा बोया हलवायला हवा. मी रबरी बोट घेऊन जातो. वीस मिनिटांत येतो. तोवर कशाला हात लावू नका."

"डॉक्टर, तुम्ही निर्धास्त जा!"

आणि मी खरंच कशालाही हात लावला नाही. फक्त माझ्या स्वतःच्या शर्टाला लावला.

तो शर्ट सासूबाई आणि सासऱ्यांनी वाढदिवसाला दिला होता. मोठमोठ्या निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा. ओला शर्ट अंगावर ठेवला की मला शिंका येतात, आणि प्रमुख नसताना मदतनिसाने शिंकत बसणं शोभत नाही. म्हणून मी तो काढला, पिळला आणि वाळत घालायला जागा शोधली. होडीवर एकच दोरी होती, झेंड्यांची. झेंडा त्या वेळी एकही लावलेला नव्हता, दोरी आयतीच मोकळी! दोन चाप लावले. शर्टाची बाही पाण्याला टेकू लागली, म्हणून दोरी थोडी ओढली. वर वारा चांगला लागेल, म्हणून आणखी ओढली. शर्ट काठीच्या टोकाला जाऊन असा फडफडू लागला की बघून मन प्रसन्न झालं.

मग भोंग्याकडे लक्ष गेलं. त्यात पाणी साचलं होतं. पहिली होडी शेवटची रेघ ओलांडेल तेव्हा भोंगा वाजायलाच हवा, आणि ती पहिली होडी सासऱ्यांची असणार हे एव्हाना उघड दिसत होतं! ते शेवटच्या टप्प्यात होते, फरशीवाल्यांच्या चार होड्यांच्या अंतराने पुढे. ऐन वेळी भोंगा गुळण्या करत बसला तर? मी बटण दाबलं. भोंगा बुडबुडला. पुन्हा दाबलं. घसा खाकरल्यासारखा आवाज आला. तिसऱ्यांदा दाबलं आणि असा दणका निघाला की बंदराच्या भिंतीवरचे पक्षी उडाले.

दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं. वेळ मी वहीत लिहिली: "भोंगा तपासला. उत्तम."

वहीतून मान वर केली तर फरशीवाल्यांची होडी वळताना दिसली. रेघेकडे नाही, बंदराकडे! पाठोपाठ तिसरी, चौथी. एकेक करत सगळ्या होड्या शेपूट फिरवून घरी निघाल्या. हार मानली वाटतं, मी मनात म्हणालो. सासऱ्यांनी आज एवढा धाक बसवला!

सासऱ्यांची होडी मात्र जागीच थांबली होती, रेघेपासून फार तर दोनशे पावलांवर. बायको होडीत उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करत होती. आधी माझ्याकडे बोट, मग वर बोट, मग स्वतःचा शर्ट ओढून दाखवायची.

"शर्ट!" एवढंच ऐकू आलं.

बनियनवर उभा राहिलो म्हणून चिडली असेल! चारचौघांत कसं राहावं यावर तिची मतं ठाम आहेत.

"अगं, ऊन आहे, काही होत नाही!" मी ओरडलो आणि प्रेमाने हात हलवला.

तिने कपाळावर हात मारला. तो आवाज मात्र पाण्यावरून स्पष्ट आला.

तेवढ्यात रबरी बोट सुसाट येऊन धडकली. डॉक्टर इतके लालबुंद झाले होते की त्यांच्याच दवाखान्यात त्यांना खुर्चीवर झोपवलं असतं.

"शर्यत रद्द कोणी केली?"

"रद्द? कोणी?"

"वर बघा!"

मी वर बघितलं. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा आणि तीन भोंगे याचा अर्थ जगभर एकच: शर्यत रद्द, सगळ्यांनी परत फिरा. हे मला पाठ होतं! झेंडा असता तर मी झोपेतही ओळखला असता. पण स्वतःच्या शर्टाकडे झेंडा म्हणून कोण बघतं?

"लगेच खाली घेतो," मी म्हणालो, "आणि सगळ्यांना परत बोलावतो."

"रद्द झालेली शर्यत जिवंत होत नाही. दात उपटला की उपटला."

सासऱ्यांची होडी आमच्या शेजारून गेली. त्यांनी रेघ ओलांडली, पण भोंगा वाजला नाही. वाजवायचा नियमच उरला नव्हता. त्यांनी काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा आम्ही दिलेला ना?"

"हो."

"रंग पक्का दिसतोय," ते म्हणाले आणि पुढे गेले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी शेवटची होडी भिंतीच्या आत आली. त्यात गणिताच्या बाई आणि त्यांची लेक होती. दर वेळी शेवटच्या येणाऱ्या या दोघी त्या दिवशी मधूनच वळल्यामुळे जेमतेम पोचल्या. मी ओल्या शर्टात धक्क्यावर उभा राहून क्षमायाचनेचं पहिलं वाक्य जुळवत होतो. ते जुळलंच नाही, कारण तीन वाजून सोळा मिनिटांनी पश्चिमेकडून अंधार चालत आला.

वादळ हा शब्द मी हजार वेळा मथळ्यात वापरला आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तो कळला. क्लबच्या प्लास्टिकच्या खुर्च्या उडाल्या. ताडपत्री फाटून शेजारच्या गोदामावर गेली. आम्ही ज्या बोयाभोवती तासभर खेळत होतो तिथे पाणी उभं राहिलं होतं, अक्षरशः भिंतीसारखं. समितीची होडी धक्क्याला बांधलेली असूनही तिची झेंड्याची काठी काडकन मोडली. गणिताच्या बाईंनी सगळ्यांची मोजणी केली. बावीस माणसं शर्यतीत उतरली होती, बावीस आत होती. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं. मग लेकीचा हात धरून त्या मटकन खाली बसल्या.

माझी बायको माझ्याशेजारी उभी होती. तिने माझा दंड घट्ट धरला होता. रागाने की कशाने, हे मी विचारलं नाही. पेपरात त्या दिवशी आकाश निरभ्र होतं.

वादळ ओसरलं आणि फरशीवाले दोन्ही हात पसरून माझ्याकडे आले.

"काय नजर! आभाळ स्वच्छ असताना, अर्धा तास आधी! अहो, आम्हाला एक ढग दिसला नाही आणि या माणसाने शर्यत थांबवली!"

टाळ्या पडल्या. कोणी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, कोणी चहा दिला. गणिताच्या बाईंनी डोळे पुसत माझे हात धरले. खोटं कशाला सांगू, चार मिनिटं मी तो चहा चवीने प्यायलो. बावीस वर्षांत कोणी माझ्या कामाला टाळी वाजवली नव्हती.

मग फरशीवाल्यांनी फळ्यावर लिहिलं: "खराब हवामानामुळे शर्यत रद्द. फेरशर्यत पुढच्या रविवारी." सासरे चष्मा लावून ते वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा तेच वाचलं. पुढच्या रविवारी त्यांचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, निदान पट्ट्यांमध्ये तरी असणार होते.

डॉक्टर माझ्या कानाशी आले.

"हवेमुळे रद्द झाली तर फेरशर्यत. समितीच्या चुकीमुळे रद्द झाली, तर त्या क्षणी जो पुढे होता तो जिंकला. लेखी अर्ज हवा. शेवटची होडी किनाऱ्याला लागल्यापासून एका तासात."

मी घड्याळ बघितलं. तीन बावन्न. तेरा मिनिटं होती. तेरा मिनिटांत मी पूर्वी पूर्ण निवडणूक लावली आहे. टॉवेल खाली ठेवला, कागद मागितला आणि सात ओळींत लिहून टाकलं: शर्ट, दोरी, दोन चाप, तीन भोंगे, वेळेसकट. तीन अठ्ठावन्नला अर्ज फरशीवाल्यांच्या हातात होता.

त्यांनी तो वाचला आणि मोठ्याने हसले.

"काय विनय आहे हो तुमचा!"

"विनय नाही, साहेब. शर्ट आहे."

"मोठी माणसं अशीच असतात. श्रेय घ्यायला लाजतात!"

"अहो, मी बावळटपणा केला!"

"बघा, बघा, काय हा साधेपणा!"

पुन्हा टाळ्या! मी जितकं खरं सांगावं तितका थोर होत चाललो. चार वाजत आले. शेवटी मागून ओळखीचा आवाज आला.

"मी सांगते," बायको पुढे येत म्हणाली. "मी होडीतून ओरडून ओरडून सांगत होते, शर्ट काढा, शर्ट काढा! आणि हे मला काय करत होते? टाटा करत होते. असा!" तिने हुबेहूब हात हलवून दाखवला, चेहऱ्यावरच्या हसऱ्या भावासकट. "घरीसुद्धा हे असेच आहेत. मागच्या महिन्यात चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधला!"

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. सगळ्या माना एकेक करत माझ्या शर्टाकडे वळल्या.

फरशीवाल्यांचा चेहरा उतरला, पण माणूस नियमाचा पक्का. "सभासदांचं मत घेतो," ते म्हणाले. "शर्यत थांबली ती हवामानामुळे नसून निव्वळ यांच्या चुकीमुळे थांबली, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. मी आणि घड्याळवाले मतदान करणार नाही."

असे भराभर हात मी कुठल्याही सभेत बघितले नाहीत. मघाशी माझे हात धरून रडलेल्या गणिताच्या बाईंनी तर दोन्ही हात वर केले. त्यांचा एक हात खाली घ्यायला लावून डॉक्टरांनी मोजणी केली.

"बावीस. एक जास्त येतोय. एकवीसच जणांना मत होतं."

"तो माझा," मी म्हणालो.

फरशीवाल्यांनी स्वतः कपाट उघडून कप आणला. सहा वर्षं त्यांच्याच घरी असल्यामुळे तो चांगला घासलेला होता. सासऱ्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कानाशी नेला आणि वाकवून आत बघितलं. बिघडलेलं घड्याळ घेतात तसाच. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आपलं म्हणून सांगतो, जावईबापू. वादळ येणार हे मला दिसत होतं. तुम्ही शर्ट लावला नसतात तर मीच सगळ्यांना हाका मारून परत फिरवणार होतो."

"खरंच, नाना?"

"हो. रेघ ओलांडली की लगेच."

संध्याकाळी हपिसात जाऊन मी बातमी लावली. चार ओळी, एकही आकडा चुकीचा नाही. विजेत्यांचा व्यवसाय दिला, वादळाची वेळ दिली, सर्वजण सुखरूप असल्याचं दिलं. शर्यत मध्येच का थांबली याबद्दल जागेअभावी फार लिहिता आलं नाही. "तांत्रिक कारणामुळे," एवढंच लिहिलं. वाक्य नेमकं होतं, कोणी बोट ठेवू शकलं नसतं.

सोमवारी सकाळी मी अंथरुणातच होतो. स्वयंपाकघरात पेपरची पानं उलटल्याचा आवाज आला, आणि मग बायकोची हाक.

"अहो, तांत्रिक कारण! उठा, चहा गार होतोय."