शेवटपर्यंत ऐकलं का?

आमचे जोसेफ सर सात पावलं चालले की क्षणभर थांबायचे. मग पुन्हा सात. मिरजगावच्या भर बाजारात मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळायचाच. वर सर त्यालाच समजावायचे, "अहो, सगळं जग चारच्या ठेक्यात चालतं. कंटाळा नाही येत?"

शाळेत चित्रकला शिकवायचे, पण जीव गिटारीत. एका नाताळात त्यांनी चर्चमधल्या गाण्याला सातच्या ठेक्यात टाळ्या धरल्या. अख्खी मंडळी अशी घसरली की पाळकांनी हात जोडून त्यांना मागच्या बाकावर बसवलं.

निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या. मुलगी लांब नांदत होती. सरांनी माडीवर कोंडून घेतलं आणि दोन वर्षांनी एक अल्बम घेऊन खाली उतरले. नाव 'पठार'. चार तुकडे, बेचाळीस मिनिटं. गिटार, कीबोर्ड, ड्रम सगळं स्वतःच वाजवलेलं आणि गाणारं कुणीच नाही. पेनड्राइव्हवर भरून गावभर वाटला.

"सर, गानं कवा सुरू व्हतंय?" सलूनवाल्या दत्तूनं विचारलं.

"सुरूच आहे की."

"न्हाई, म्हंजी मानूस कवा गातो?"

"हे रॉक आहे, दत्तू. मधे जॅझ येतं, पुढं ध्यानाला बसल्यासारखं शांत होतं. तू शेवटपर्यंत ऐक बाबा, एवढंच कर."

दत्तूनं त्याच संध्याकाळी पेनड्राइव्ह पुसून त्यात लावण्या भरल्या.

दत्तूला कशाला हसू? मी त्याच्याहून नालायक. माझा मंडप आणि साउंडचा धंदा. कार्यक्रमाआधी बॉक्स तपासायला 'पठार' फार सोयीचं. सुरुवातीलाच बास असा दणदणतो की कुठला स्पीकर फाटलाय ते लगेच कळतं. दोन मिनिटं वाजवायचं, बंद करायचं. सर सगळ्यांच्या आधी येऊन रिकाम्या खुर्च्यांत बसलेले असायचे. मी बंद केलं की उठून जायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला उद्योग नाही.

भेटले की एकच प्रश्न. "भाऊसाहेब, शेवटपर्यंत ऐकलं का?"

"ऐकलं ना सर! लई भारी. शेवट तर एक नंबर!"

गावात जो तो हेच सांगायचा. सर जरा वेळ तोंडाकडं बघायचे, "बरं" म्हणायचे आणि पाऊसपाण्यावर बोलायला लागायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले. मातीला आम्ही दहा-बारा जण होतो.

परवा दुपारी गोदामात नवे बॉक्स तपासायला 'पठार' लावलं आणि तेवढ्यात फोन आला. मंडपाच्या कापडाच्या रंगावरून एका नवरीच्या मामाशी बाहेर हुज्जत घालत बसलो. आत आलो तर चौथा तुकडा चालू होता. नुसती गिटार, अगदी हळू. मी तिथंच सतरंज्यांच्या ढिगावर बसलो. काय सांगू, फार सुंदर होतं हो ते!

गिटार थांबली. मी बंद करायला उठलो, तोच बॉक्समधून सरांचा आवाज आला.

"शेवटपर्यंत ऐकलंत, फार बरं वाटलं. आता असं करा, घरी या. मी चहा टाकतो. कुठला तुकडा आवडला ते बसून बोलू. घरी मी एकटाच असतो, कधीही या."

म्हणजे मी तोंड वर करून "शेवट एक नंबर" म्हणायचो, तेव्हा सरांना कळत होतं. सगळ्यांचंच कळत होतं. त्यांच्याकडं चहाला कुणी गेलंच नव्हतं. लाज वाटली हो, फार लाज वाटली.